गुडघा इथे, शिकवणारी तिथे

प्रश्न: आम्ही भोर तालुक्यातल्या एका गावात राहतो. सासूबाईंचं वय ६६. दोन वर्षांपासून त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून "झीज झाली आहे, व्यायाम करा" असं सांगितलं. फिजिओथेरपिस्टकडे जायचं तर एसटीने जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो, आणि एसटीच्या पायऱ्या चढतानाच त्यांच्या गुडघ्यातून कळ येते. माझी नणंद मेलबर्नला असते. ती सांगते की तिथे लोक व्हिडिओ कॉलवरून गुडघ्याचे व्यायाम शिकतात. सासूबाई म्हणतात, "हात न लावता कसला इलाज? फोटोतली भाकरी बघून पोट भरतं का?" मला उत्तर सुचलं नाही. दुरून सांगितलेल्या व्यायामाचा खरंच उपयोग होतो का, की ही नुसती सोय आहे?

उत्तर: सासूबाईंनी भाकरीचा दाखला दिला आहे, तर तिथूनच सुरुवात करू. फोटोतल्या भाकरीने पोट भरत नाही हे अगदी खरं. पण परदेशी गेलेल्या कितीतरी लेकी भाकरी थापायला आईकडून व्हिडिओ कॉलवरच शिकल्या आहेत. लेक तिकडे परात घेऊन बसते, आई इकडून बघते आणि म्हणते, "अगं, अजून मळ, कडा चिरतायत." आईचा हात पिठाला लागत नाही, तरी चार दिवसांत भाकरी सुधारते, कारण पीठ मळायचं काम लेकीचंच होतं. गुडघ्याच्या व्यायामाचंही तसंच आहे. तो करायचा सासूबाईंनीच. शिकवणाऱ्याने बघायचं, सांगायचं आणि सुधारायचं.

तुमच्या पत्रात तीन शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. हात न लावता उपचार होतो का? होत असेल तर त्याला पुरावा काय? आणि तिसरी तुम्ही लिहिली नाही, पण मनात नक्की असणार: समोर कोणी नसताना काही भलतंच झालं तर? एकेक सोडवू.

आधी गुडघ्यात काय होतं ते पाहू. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. बोलताना आपण त्याला 'गादी' म्हणतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला पोषण कुठून मिळतं? सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते, पाऊल उचललं की मोकळी होते, आणि पाण्यातला स्पंज दाबून सोडावा तसा द्रव तिच्यातून आत-बाहेर होतो. म्हणजे सांधा हलतो तेव्हाच कूर्चा जेवते. "वंगण संपलंय, आता गुडघा फार हलवू नका" हा सल्ला गावोगाव मोठ्या आपुलकीने दिला जातो. तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. वंगण असं संपत नाही. उलट दुखऱ्या गुडघ्यात पुष्कळदा पाणी जास्त होतं, म्हणून तर तो सुजतो. आणि हलवायचं बंद केलं तर कूर्चेचं पोषण आणखी घटतं.

कूर्चेत संवेदना पोचवणारे चेतातंतूही नसतात. तेव्हा 'गादी झिजली म्हणून दुखतं' हे वाक्य अर्धंच खरं आहे. दुखतं ते आजूबाजूचं: खालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, बाहेरचं आवरण, ताणलेले स्नायू. म्हणूनच एकाच्या एक्स-रेमध्ये भरपूर झीज दिसते आणि तो गड चढून येतो. दुसऱ्याच्या एक्स-रेमध्ये थोडीशीच दिसते आणि त्याला जिना नकोसा होतो. एक्स-रे पाहून सासूबाई धास्तावल्या असतील तर हे त्यांना जरूर सांगा.

आता कारणांची साखळी बघा. गुडघा दुखतो म्हणून माणूस कमी चालतो. कमी चालल्यामुळे मांडीचा पुढचा मोठा स्नायू रोडावतो. शिवाय दुखणं आणि सूज यांमुळे त्या स्नायूला मिळणारा मज्जासंस्थेचा इशाराही मंदावतो. हा स्नायू पाऊल पडतानाचा हिसका झेलत असतो. तो अशक्त झाला की हिसका सरळ सांध्यावर येतो, मग दुखणं वाढतं, आणि माणूस आणखी कमी चालतो. व्यायामामुळे हीच साखळी उलटी फिरते. मांडी, पोटरी आणि खुब्याभोवतीचे स्नायू भक्कम झाले की तोच झिजलेला गुडघा कमी कुरकुरतो. झीज भरून येत नाही, पण गुडघ्याला पेलण्याची ताकद येते.

हा स्नायू सासूबाईंच्या वतीने दुसरं कोणीही भक्कम करू शकत नाही. मग फिजिओथेरपिस्ट नेमकं काय करतो? पाच-पंचवीस व्यायामांतून या माणसाला लागू पडतील असे चार-पाच निवडतो, किती वेळा करायचे ते ठरवतो, करताना होणारी चूक दाखवतो, अंगवळणी पडलं की एक पायरी वाढवतो आणि दुखलं की घाबरू देत नाही. या सगळ्याला डोळे, कान आणि वाणी लागते, आणि तिन्ही फोनवरून पोचतात.

"पण शेक? मशीन?" असं सासूबाई लगेच विचारतील. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्याला तारा लावून पंधरा मिनिटं पडून राहणं अशी समजूत घट्ट बसली आहे. शेकाने बरं वाटतं, ते घ्यायला हरकत नाही, आणि तो घरच्या गरम पाण्याच्या पिशवीनेही मिळतो. मशीनचं मात्र वेगळं आहे. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी व्यायाम हा मुख्य उपचार सांगितला, आणि अल्ट्रासाउंड, टेन्स यांसारखे विजेवर चालणारे उपचार देऊ नयेत असं स्पष्ट लिहिलं, कारण त्यांच्या फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. हाताने दाबून-हलवून करायचे उपचारही व्यायामाच्या जोडीनेच विचारात घ्यावेत, एकटे नव्हेत, असं त्याच तत्त्वांत आहे. तेव्हा फोनवरून जे पोचत नाही ते या आजारात मुळात दुय्यम आहे, आणि जे मुख्य आहे ते पोचतं.

हे झालं तर्काचं. आता पुराव्याकडे वळू, आणि इथे तुमच्या नणंदबाई अगदी योग्य गावी राहतात. मेलबर्न विद्यापीठातल्या राना हिनमन आणि किम बेनेल या दोन फिजिओथेरपी संशोधिकांनी नेमक्या याच प्रश्नावर एकामागून एक चाचण्या केल्या. ऑस्ट्रेलियात तो प्रश्न सहज पडतो, कारण तिथे शहरं किनाऱ्याला आणि वस्त्या शेकडो किलोमीटर आत आहेत.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका चाचणीत पन्नाशी ओलांडलेले, गुडघे दुखणारे १४८ लोक होते. अर्ध्यांना इंटरनेटवर फक्त माहिती वाचायला दिली. उरलेल्या अर्ध्यांना माहितीबरोबर तीन महिन्यांत स्काइपवर फिजिओथेरपिस्टच्या सात भेटी आणि दुखण्याला तोंड कसं द्यावं याचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम दिला. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटाचं दुखणं जास्त कमी झालं होतं, हालचाल जास्त सुधारली होती, आणि नऊ महिन्यांनीही सुधारणा टिकून होती. म्हणजे दुरून दिलेली साथ नुसत्या माहितीपेक्षा सरस ठरली.

पण सासूबाईंचा प्रश्न याच्या पुढचा आहे: समोर बसून शिकवण्याइतकी ती चांगली आहे का? त्याचं उत्तर २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. याही चाचणीमागे हिनमन आणि त्यांचे सहकारी होते. गुडघेदुखी जुनी झालेल्या ३९४ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दोघांनाही तीन महिन्यांत पाचच भेटी: एका गटाला दवाखान्यात, दुसऱ्याला व्हिडिओवर. व्यायाम त्याच पद्धतीचे, शिकवणारे फिजिओथेरपिस्टही तेच. तीन महिन्यांनी दोन्ही गटांचं दुखणं ० ते १० च्या मापावर सुमारे तीन अंकांनी उतरलं होतं. व्हिडिओचा गट मागे पडला नाही. काहींचं दुखणं मधे तात्पुरतं वाढलं, पण अशांचं प्रमाणही दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते तीनही अंक एकट्या व्यायामाच्या खाती जमा करता येत नाहीत. गुडघेदुखीला भरती-ओहोटी असते. माणूस उपचाराला जातो तो सहसा भरतीच्या वेळी, आणि काही ओहोटी आपोआप येते. शिवाय कोणीतरी लक्ष देतंय याचाही गुण येतो. गुडघ्याच्या व्यायामावरच्या अनेक चाचण्या एकत्र मांडणारा 'कॉक्रेन' या संस्थेचा २०२४ चा आढावा सांगतो की व्यायामाचा फायदा आहे, पण तो मोठा नाही. तेव्हा "सहा आठवड्यांत गुडघे नवे" अशी जाहिरात कोणी केली तर दार लावून घ्या. माझं मत असं की छोटा का होईना, पण पैसे फार न लागणारा, पोट न बिघडवणारा आणि हृदयाला, साखरेला, झोपेलाही उपयोगी पडणारा असा दुसरा उपाय या आजारात नाही. म्हणून आधी हाच करायचा.

आणि व्हिडिओ नसेल तर? तुमच्या गावात रेंज कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून हेही सांगतो. याच मंडळींनी १७५ जणांवर साध्या टेलिफोनची चाचणी केली. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत फिजिओथेरपिस्टचे पाच ते दहा फोन, चित्र नाही, नुसता आवाज. लोकांचं चालणं-फिरणं, उठणं-बसणं सुधारलं. दुखणं किती कमी झालं याबद्दल मात्र खात्रीने सांगता आलं नाही. २०२१ सालच्या आणखी एका चाचणीत २०६ जण होते. त्यांतल्या अर्ध्या लोकांना व्यायामांची वेबसाइट आणि २४ आठवडे आपोआप येणारे मोबाइल संदेश इतकंच दिलं होतं, तरी नुसती माहिती वाचणाऱ्यांपेक्षा त्यांना दुखण्यातही आणि हालचालीतही जास्त आराम पडला. मला यातून दिसतं ते असं: साधन काहीही असो, "आज केलात का?" असं विचारणारं कोणीतरी हवं.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघू. चाचण्यांच्या आकड्यांपेक्षा याची तुम्हाला जास्त गरज आहे.

पहिल्या दिवशी फोन हातात धरायचा नाही. तो कमरेच्या उंचीवर, स्टुलावर तांब्या ठेवून त्याला टेकवा. माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत दिसला पाहिजे, म्हणजे सहा-सात पावलं लांब उभं राहायला जागा हवी. बहुतेक घरांत ती ओटीवर किंवा पडवीत मिळते. उजेड तोंडावर यावा. पाठीमागे उघडं दार असेल तर समोरच्याला नुसती सावली दिसते. साडीत गुडघा दिसत नाही, म्हणून तेवढा वेळ सैल सलवार किंवा पायजमा बरा. खुर्ची लाकडी, भिंतीला टेकवलेली, हात नसलेली. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, ती नको. पहिले दोन-तीन कॉल तुम्ही शेजारी उभ्या राहा.

मग फिजिओथेरपिस्ट विचारतो: कधी दुखतं, कशाने वाढतं, पूर्वी मार लागला होता का, पडलात का, रक्तदाब, साखर, हृदय? नंतर चालायला सांगतो. दाराकडे जा, परत या, पाय पुढून दिसतो, मागून दिसतो. मग एक साधी परीक्षा: हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून उठायचं, बसायचं, आणि ३० सेकंदांत असं किती वेळा जमतं ते मोजायचं. एवढ्यावरून पायांच्या ताकदीचा बराच अंदाज येतो. कोणी सात वेळा उठतं, कोणी बारा वेळा. आज किती, हे लिहून ठेवणं महत्त्वाचं. उठताना गुडघे आत वळतात का, भार एकाच पायावर जातो का, हे पलीकडून स्पष्ट दिसतं. खरं म्हणजे घर दिसत असल्याचा एक फायदाच होतो. दवाखान्यातला पलंग सगळ्यांना सारखाच. सासूबाईंच्या घराचा उंबरा, न्हाणीची पायरी, रोज बसायचा ठेंगणा पाट फिजिओथेरपिस्टला कॅमेऱ्यातच दिसतो.

व्यायाम ऐकून तुम्हाला कदाचित वाटेल, एवढेच का! खुर्चीवरून उठणं-बसणं. खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच सेकंद धरणं. ओट्याला धरून टाचा उचलणं. एका पायरीवर चढणं-उतरणं. बाजूला पाय उचलणं. साधारण आठ-दहा वेळा, थोडं थांबून दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं: कापडी पिशवीत अर्धा किलो तांदूळ घालून पिशवी घोट्याला बांधली की झालं, पुढे एक किलो. ही वाढ फार महत्त्वाची आहे. वर्षभर तेच दहा-दहा करत राहिलं तर स्नायूला आणखी भक्कम व्हायचं कारणच उरत नाही, आणि मग माणूस म्हणतो, "व्यायाम करून बघितला, काही उपयोग झाला नाही."

आता तिसरी शंका, दुखलं तर? व्यायाम सोडून देण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत दुखणं थोडं वाढू शकतं. ते सांधा बिघडल्याचं लक्षण नाही. बऱ्याच दिवसांनी खुरपणीला गेल्यावर अंग दुखतं, तसलंच ते. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून 'ग्लॅड' नावाचा व्यायामाचा कार्यक्रम चालतो. त्यात लोकांना एक सोपा नियम शिकवतात. दुखण्याला ० ते १० गुण द्या. दोनपर्यंत असेल तर निर्धास्त. तीन ते पाच असेल तरी चालेल. पाचाच्या वर गेलं तर थांबा आणि पुढच्या वेळी कमी करा. आणि वाढलेलं दुखणं २४ तासांत नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर मात्रा जास्त झाली. सासूबाईंना हा नियम तोंडपाठ झाला की समोर कोणी असण्या-नसण्याची भीती निम्मी होईल. गुडघा वाजतो म्हणून थांबायचं कारण नाही. दुखणं किंवा सूज सोबत नसेल तर त्या कटकट आवाजाला काही अर्थ नसतो.

तुमच्या गावात आणखी एक वाक्य नक्की ऐकू येईल: "जन्मभर शेतात राबली, तिला आता कसला व्यायाम?" १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्याच भिगवणमध्ये, उजनीच्या काठी, डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांनी सांधे, स्नायू, कंबर यांतलं काही ना काही दुखत असल्याचं सांगितलं. राबणाऱ्या माणसाचं गाव होतं ते. कामाने शरीर थकतं, पण काम शरीराचं ऐकत नाही. उकिडवं बसून चार तास खुरपताना गुडघा पूर्ण वाकलेला राहतो, आणि गुडघ्याच्या वाटीमागचा दाब कमी होतच नाही. व्यायामात मात्र भार आपण ठरवतो, थोडा-थोडा वाढवतो, मधे विसावा देतो. दोन्हींत घाम येत असला तरी सांध्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुरपताना ठेंगणं स्टूल घ्यावं, भारतीय पद्धतीच्या संडासावर बसायला खुर्चीसारखं स्टूल ठेवावं, एवढं फिजिओथेरपिस्ट सांगेलच. मांडी घालून बसणं कायमचं वर्ज्य नाही. दुखणं जोरात असताना टाळायचं, आणि ताकद आल्यावर थोडं-थोडं परत सुरू करायचं.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. आठवड्याभरात फरक शोधू नका.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी एकदा तरी डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावून तपासलेलं असावं. सासूबाईंचा एक्स-रे डॉक्टरांनी पाहिला आहे, पण हात लावून तपासलं नसेल तर तेवढं करून घ्या. पण पुढे कधी गुडघा गरम, लाल होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना, गुडघा वाकलेल्या अवस्थेत अडकला, किंवा एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर व्हिडिओ कॉलची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

प्रश्न: मला गुडघ्याचा नाही, हाताच्या बोटांचा त्रास आहे. सकाळी तासभर मूठ वळत नाही. आमवात असल्याचं निदान झालं असून गोळ्या चालू आहेत. माझ्यासाठीही असे दुरून शिकवलेले व्यायाम आहेत का?

उत्तर: आहेत, पण तुमचा आजार वरच्या पत्रातल्यापेक्षा वेगळा आहे. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. आमवातात, म्हणजे डॉक्टर ज्याला रूमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्यात, शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते. ती आवरायला मेथोट्रेक्सेटसारखी औषधं लागतात, आणि ती व्यायामाच्या भरवशावर कधीही बंद करायची नाहीत. व्यायाम त्यांच्या जोडीला.

ब्रिटनमध्ये 'सारा' नावाची चाचणी ४९० आमवाताच्या रुग्णांवर झाली. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांबरोबर हाताचे ठरावीक ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम केलेल्यांचे हात वर्षभरानंतर जास्त कामाला येत होते. पुढे ही चाचणी करणाऱ्यांनी हेच व्यायाम शिकवणारे ऑनलाइन अभ्यासक्रमही तयार केले. हात कॅमेऱ्यासमोर धरणं सोपं, म्हणून दुरून शिकवायला हा भाग सोयीचाच आहे. दोन गोष्टी मात्र तुमच्या संधिवाततज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत. सांधे लाल-गरम असताना ताकदीचे व्यायाम करायचे की नुसती हालचाल, हे एक. दुसरं मानेचं: आमवात जुना असेल तर मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, म्हणून व्हिडिओ पाहून मानेचे झटके-वळसे घ्यायचे नाहीत.

प्रश्न: मोबाइलवर गुडघ्याच्या व्यायामाचे शेकडो मोफत व्हिडिओ आहेत. मग पैसे देऊन कोणाला फोन कशाला करायचा? आणि करायचाच तर खरा कोण हे ओळखायचं कसं?

उत्तर: व्हिडिओतला माणूस तुम्हाला दिसतो, पण तुम्ही त्याला दिसत नाही. तुम्ही चुकलात हे त्याला कळत नाही, काल दुखलं म्हणून आज दहाऐवजी सहाच करा असं तो सांगत नाही, आणि तुम्ही तीन आठवडे गायब झालात तरी तो विचारपूस करत नाही. तुम्ही शिस्तीचे असाल तर चांगल्या व्हिडिओनेही काम भागेल. वर सांगितलेल्या चाचणीत वेबसाइट आणि आपोआप येणारे संदेश एवढ्यावरही लोकांना आराम पडला होता. बहुतेकांची शिस्त दुसऱ्या महिन्यात ढिली पडते, तिथे माणूस लागतो.

ओळखायचं असं. शिकवणाऱ्याकडे बीपीटी किंवा एमपीटी ही पदवी हवी, आणि महाराष्ट्रात काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात काही वावगं नाही. निदानच झालं नसेल तर आधी डॉक्टर. डॉक्टरांनी दुरून सल्ला कसा द्यावा याचे नियम आपल्या देशात २५ मार्च २०२० रोजी, कोरोनाची टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, जाहीर झाले. सरकारची ई-संजीवनी ही सेवाही आहे, तिथे डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. तिथून सांधा प्रत्यक्ष तपासून घ्या असं सांगितलं तर ते ऐका.

शक्य असेल तर पहिली भेट समोरासमोर घ्या आणि पुढच्या फोनवर. ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी संकोच न करता पहिल्यापासून व्हिडिओवर सुरू करावं. पैसे देण्याआधी मात्र एवढंच विचारा: "माझं आज किती झालं हे तुम्ही लिहून ठेवणार का, आणि पुढचा फोन कधी?" दोन्हींचं सरळ उत्तर मिळालं तर त्याच आठवड्यात सुरुवात करा.